ही गुरं कुणाची?

गणपतीच्या आदल्या आठवड्यात माझा चुलतभाऊ मसाई माराहून परतला आणि गणपतीत पानशेतला आला. सोबत अकराशे फोटो. आरती झाली, जेवणं झाली आणि त्यानं मोबाइल टीव्हीला जोडला. आमच्या घरात तीन पिढ्या एकाच वेळी टीव्हीसमोर गप्प बसल्याचं मला आठवत नाही, त्या रात्री बसल्या. सिंहिणीची पिल्लं, टेकाडावर उभा चित्ता, सूर्य मावळताना एकटंच उभं छत्रीसारखं झाड. मग ‘क्रॉसिंग’ आलं. मारा नदीच्या काठावर हजारोंनी विल्डबीस्ट उभी. मागून रेटा, खाली पाण्यात मगरी. त्यातलं एक उडी टाकतं आणि मग अख्खा कळप धो धो खाली.

आजीनं विचारलं, “ही गुरं कुणाची?”

सगळे हसले. दादा म्हणाला, “आजी, गुरं नाहीत ती. जंगली आहेत. कुणाचीच नाहीत.”

“कुणाचीच न्हाईत? मग राखतं कोण?”

“कुणी नाही. आपोआप येतात, आपोआप जातात.”

आजी थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “एवढं गवत, एवढी गुरं, आन् मानूस एकबी न्हाई. गाव उठलं का काय तिथलं?”

‘गाव उठणं’ हा आमच्याकडचा शब्दप्रयोग आहे. झोपेतून उठण्याशी त्याचा संबंध नाही. धरणात जमीन गेली, सामान बैलगाडीवर चढलं, देव टोपलीत घेतला, की गाव उठलं. आजी पंच्याऐंशीच्या पुढची आहे. तिनं हे तरुणपणी पाहिलंय. दादानं पुढचा व्हिडिओ लावला आणि विषय बदलला. माझ्या डोक्यातून मात्र ते दोन प्रश्न गेले नाहीत. त्यानंतर दोन-तीन महिने मी हाताला लागेल ते मराठी सफारीलेखन वाचलं, दिवाळी अंकांतलं, ब्लॉगवरचं, रीलच्या खाली लिहिलेलं. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे, आणि ते करताना पुन्हा हातात आलेल्या एका जुन्या कादंबरीबद्दल.

या लेखनाला मी माझ्यापुरतं ‘मारावर्णन’ असं नाव दिलंय. जागा सेरेंगेटी असो, क्रूगर असो की मारा, वर्णनाचा साचा एकच. नैरोबीत उतरल्यावरची थंड हवा. टप उघडणारी गाडी. ड्रायव्हरच्या वायरलेसवर स्वाहिलीत काहीतरी खरखरतं आणि गाडी एकदम वळते. पहिला सिंह. डब्यातला चिवडा, त्यावर एक विनोद. मग क्रॉसिंग, बहुतेक वेळा दोन दिवस ताटकळल्यानंतर. शेवटच्या दिवशी मसाई वस्तीला भेट, लाल शाली, उंच उड्यांचा नाच, मण्यांच्या माळांची घासाघीस. आणि शेवटी तेच छत्रीचं झाड, मागं केशरी आकाश.

हे लेखन वाईट आहे असं मी म्हणत नाही. काही जणांची नजर फार चांगली आहे. शिकार फसल्यावर चित्ता किती वेळ धापा टाकत बसतो, तरस चालताना मागून कसं खचल्यासारखं दिसतं, हे त्यांनी नेमकं टिपलंय. अडचण नजरेची नाही, क्रियापदांची आहे. मारावर्णनातला प्राणी ‘दिसतो’, आणि फार महत्त्वाचा असेल तर ‘दर्शन देतो’. सिंहानं दर्शन दिलं, बिबट्यानं हुलकावणी दिली पण शेवटच्या क्षणी दर्शन दिलंच. ताडोब्याच्या लेखांतही वाघ दर्शनच देतो. हा शब्द देवळातून आलाय, आणि देवळाची सगळी शिस्त घेऊन आलाय. रांग आहे, नशीब आहे, पहाटे उठणं आहे, ‘आमच्या पुढच्या गाडीला झालं, आम्हाला नाही’ ही हळहळ आहे. दर्शनाला गेलेला माणूस देवस्थानची जमीन कुणाची असं विचारत नाही. तसं विचारणं अभद्र वाटतं. म्हणून आजीचा प्रश्न ऐकून आम्ही हसलो.

खरं तर ‘सफारी’ हा शब्द आपल्याला अजिबात परका नाही. अरबी ‘सफर’ स्वाहिलीत जाऊन ‘सफारी’ झाला. तोच शब्द फारसीमार्गे मराठीत आला आणि सफरच राहिला, मुसाफिरही त्याच घरातला. मूळ अर्थ नुसता प्रवास. गोऱ्या शिकाऱ्यांनी त्याला बंदूक जोडली, त्यांच्यानंतर आलेल्यांनी कॅमेरा. (मधल्या काळात आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी त्याचा सूट शिवून घेतला, पण ते सोडा.) ज्या ‘बिग फाइव्ह’ची यादी आपण टिकमार्क करत फिरतो, म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस, ती सौंदर्यावरून केलेली नाही. पायी शिकार करायला सर्वांत धोक्याचे पाच, अशी ती शिकाऱ्यांची यादी आहे. म्हणून जिराफ तिच्यात नाही.

आजीच्या प्रश्नांची उत्तरं मी शोधली. आधी दुसऱ्याचं, कारण ते सोपं निघालं. हो, गाव उठलं. सेरेंगेटी १९५१ साली राष्ट्रीय उद्यान झालं. त्यात मसाई गुरं घेऊन राहत होते. १९५९ साली त्यांना तिथून हलवून शेजारच्या गोरोंगोरो भागात नेलं. तिथं राहायचा आणि गुरं चारायचा हक्क राहील असं आश्वासन होतं. त्याच साली बर्नहार्ड आणि मिखाएल झिमेक या जर्मन बापलेकांचं ‘सेरेंगेटी मरता कामा नये’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक आणि माहितीपट आला. माहितीपटाला ऑस्कर मिळालं. माणसाविना अफाट माळ, त्यावर जनावरांचे लोंढे, ही आपल्या डोळ्यांत बसलेली आफ्रिका घडवण्यात त्या चित्रपटाचा मोठा वाटा आहे. मिखाएल तर चित्रीकरणाच्या काळातच विमान कोसळून गेला, त्यामुळं त्या कामाला बलिदानाचं तेजही आलं. गोरोंगोरोचं आश्वासन फार काळ टिकलं नाही. २०२२ पासून टांझानिया सरकार तिथल्या मसाई कुटुंबांना शेकडो किलोमीटर लांब, मसोमेरा नावाच्या गावाकडं हलवतंय.

सीमेपलीकडचं केनियातलं मारा अभयारण्य म्हणून जाहीर झालं १९६१ साली. ही तारीख वाचून मी थांबले. पानशेतच्या माणसाला १९६१ म्हटलं की दुसरं काही आठवत नाही. १२ जुलै १९६१, पानशेतचं अर्धवट बांधलेलं धरण फुटलं, खाली खडकवासला फुटलं आणि पुणं बुडालं. त्या पुरावर पुण्यात खूप लिहिलं गेलं, आजही दर जुलैला लिहिलं जातं. धरणासाठी आधीच उठलेल्या गावांवर त्याच्या शंभरावा हिस्सासुद्धा नाही. पुढं धरण पुन्हा बांधलं. आता तिथं तानाजीसागर आहे, बॅकवॉटरच्या कडेनं तंबू आहेत आणि ‘निसर्गरम्य पानशेत’ आहे. शनिवारी येणारे पाहुणे आमच्याकडं चुलीवरचीच भाकरी मागतात. गॅस दिसला तर हिरमुसतात. मसाई वस्तीतल्या उड्यांच्या नाचाची वर्णनं वाचताना मला म्हणूनच जरा अवघडल्यासारखं होतं. तो नाच कोणत्या बाजूनं दिसतो, हे मला ठाऊक आहे.

पहिल्या प्रश्नाचं, ‘ही गुरं कुणाची’चं उत्तर मात्र मला चकित करून गेलं. १८९०च्या दशकात पूर्व आफ्रिकेत बुळकांडी आली. बुळकांडी आजीला नीट माहीत आहे. गोठेच्या गोठे रिकामे करणारा हा गुरांचा रोग. त्यानं मसाईंची गुरं मेली, माणसं उपाशी मेली, आणि रानातली विल्डबीस्टही मेली, कारण रोगाला पाळीव आणि जंगली हा भेद कळत नाही. पुढं कित्येक दशकं त्यांची संख्या दबलेलीच राहिली. मग सेरेंगेटीच्या भोवतालच्या पाळीव गुरांना लस टोचली गेली. गुरांमधला रोग हटला आणि त्यामागोमाग रानातलाही हटला. १९६१च्या सुमारास अडीच लाखांच्या घरात असलेली विल्डबीस्ट १९७०चं दशक संपता संपता तेरा लाखांच्या आसपास गेली. दादाच्या व्हिडिओतला तो लोंढा, ज्याला आपण मानवाचा स्पर्श नसलेला आदिम निसर्ग म्हणतो, तो गोठ्यात टोचलेल्या सुईचाही परिणाम आहे. ‘आपोआप’ हा शब्द तिथं लागू होत नाही. ती गुरं कुणाचीच नाहीत हे खरं. पण ज्यांची गुरं होती त्यांच्याशी त्यांचं नातं आहे, आणि एकाही मारावर्णनात ते मला सापडलं नाही.

आता माळाकडं येते.

मारावर्णनांत मला एक शब्द कुठंच भेटला नाही, तो म्हणजे ‘माळ’. सव्हाना आहे, गवताळ प्रदेश आहे, अथांग पठार आहे, ‘सोनेरी गवताचा समुद्र’ तर पानोपानी आहे. वास्तविक गवत, मधूनच काटेरी झाड, लांबवर नजर जाते, उन्हाळ्यात करपतं आणि पावसात पोपटी होतं, अशा जमिनीला मराठीत रोजचा, घरचा शब्द आहे. तो कुणाला सुचत नाही याचं कारण भूगोलाचं पुस्तक. सव्हाना आफ्रिकेत असतो असं आपण शाळेत शिकलो. माळ म्हणजे ओसाड, पडीक, काही न पिकणारी जागा, हे घरी शिकलो. सरकारी कागदांतही या जमिनी बहुतेक पडीक म्हणूनच नोंदवल्या गेल्या. मग त्यावर खड्डे खणून झाडं लावायची, सौरऊर्जेची पॅनेलं टाकायची, एमआयडीसी आणायची. ओसाडाला कुणी हरकत घेत नाही.

हा माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल आहे, इंग्रजांच्या काळात झाडं तोडली म्हणून तो तसा झाला, ही समजूत फार पक्की आहे. २०२५ साली आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघांनी ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध लिहिला. त्यांनी केलं काय, तर जुनं मराठी साहित्य वाचलं. संतांची चरित्रं, स्थळांच्या कथा, धनगरी ओव्या. त्यांत कुठल्या जागी कुठलं झाड सांगितलंय हे टिपलं. जी झाडं निघाली त्यांत दाट जंगलातल्या झाडांपेक्षा उघड्यावर वाढणारी, काटेरी, माळावरची झाडं जास्त. पश्चिम महाराष्ट्राचा हा माळ निदान साडेसातशे वर्षं माळच आहे, असा त्यांचा निष्कर्ष. गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या अभ्यासकानं पुण्यात राहून, धनगरांबरोबर फिरून ओव्या आणि कथा गोळा केल्या नसत्या, तर या कामाला पायाच नसता. मला यातली एक गोष्ट समीक्षक म्हणून टोचली. आमचं साहित्य वनस्पतिशास्त्रज्ञ वाचतात आणि त्यांना त्यात सव्हाना सापडतो. आम्ही साहित्याची माणसं तेच वाचतो आणि आम्हाला भक्ती, बोली आणि ग्रामजीवन सापडतं.

हे मनात घेऊन मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पुन्हा वाचली. १९५५ सालची कादंबरी. तुमच्यापैकी अनेकांनी ती वाचली असेल, निदान अमोल पालेकरांचा १९९५चा चित्रपट पाहिला असेल. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथं नेमला गेलेला कोवळा मास्तर, म्हातारा कारभारी, त्याची लेक अंजी, रामोशी आनंदा, आयबू, तालीम बांधण्याचा उद्योग, आणि शेवटी दुष्काळ. आमच्या अभ्यासक्रमात ती ‘ग्रामीण कादंबरी’ या खणात होती. प्रश्न यायचा, ‘बनगरवाडीतील ग्रामजीवनाचे चित्रण करा.’ मीही केलं आणि मार्क मिळवले.

माझं म्हणणं असं आहे की ‘बनगरवाडी’ ही मराठीतली सव्हानाची कादंबरी आहे. माळ तिथं मागचा पडदा नाही, पुस्तकाची रचनाच माळाची आहे. माणूस लांबून येताना दिसतो, बराच वेळ दिसत राहतो आणि मग पोचतो. वाडीला आत आणि बाहेर असं नाही. दिवसा वाडी जवळजवळ रिकामी असते, कारण वाडी मेंढरांमागं रानात गेलेली असते. ती वाडी घरांनी नाही, कळपानं बनलेली आहे. मास्तर शाळा भरवायला येतो आणि त्याला पहिली अडचण हीच येते की पोरं मेंढरांकडं आहेत. राम देशमुखांनी १९५८ साली केलेल्या इंग्रजी भाषांतराचं नाव ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ असं आहे, म्हणजे गावाला भिंती नव्हत्या. मला वाटायचं भाषांतरकारानं उगाच काव्य केलंय. आता वाटतं त्यानं पुस्तक नीट वाचलं होतं.

आणि या पुस्तकात आजीचा प्रश्न पावलोपावली विचारला जातो. प्रत्येक मेंढरू कुणाचं तरी आहे. मास्तरही सुरुवातीला पाहुणाच असतो. बाहेरून आलेला, शहाणा, बघणारा. सफारीच्या गाडीत बसवला तर शोभेल असा. पण वाडी त्याला नुसतं बघू देत नाही. कुणाचा कागद वाचून दे, कुणाचं काम तालुक्याला करून दे, कुणाच्या भांडणात उभा राहा. दादू त्याच्यावर डूख धरतो. बघणाऱ्याकडून वाडी किंमत वसूल करते. मारावर्णनातल्या निवेदकाला पाच दिवसांत कुणीच काही विचारत नाही, ड्रायव्हर सोडून. तो पैसे देऊन आलेला असतो आणि त्या पैशात प्रश्न न विचारले जाण्याची सोयही असते.

शेवटाबद्दल माझं मत सगळ्यांना पटणार नाही. पाऊस येत नाही, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात. आजवर आपण हा शेवट शोकांतिका म्हणून वाचला. तो तसा आहेच, कारभाऱ्याच्या मरणाला दुसरं नाव देता येणार नाही. तरीही सव्हानाच्या बाजूनं पाहा. माळावर पाऊस एका जागी, दर साली, ठरल्या दिवशी पडत नाही. म्हणून माळावरचा प्रत्येक प्राणी फिरता असतो. विल्डबीस्ट पावसामागं जातात तेव्हा आपण त्याला ‘महास्थलांतर’ म्हणतो आणि दीड-दोन लाख रुपये भरून बघायला जातो. धनगर मेंढरं घेऊन पावसामागं जातात तेव्हा म्हणतो, गाव ओस पडलं. बनगरवाडीतली माणसं उठली ती कुणी उठवली म्हणून नाही, आभाळानं हाकललं म्हणून. त्यांच्या आधीही असं झालेलं असणार, पुढंही होणार. शाळा आणि तालीम या एका जागी रुतलेल्या दोन गोष्टी मागं राहतात, कारण त्या मास्तराच्या आहेत. माडगूळकरांना हे असंच म्हणायचं होतं का, असं विचारू नका. पुस्तकात ते आहे एवढं मी दाखवू शकते.

शेकूच्या बायकोचा प्रसंग तर सगळ्यांना पाठ आहे. बैल नाही म्हणून ती स्वतः जू खांद्यावर घेते. गरिबीचं याहून जळजळीत चित्र मराठीत कमी आहे. या वेळी मला त्यात नांगरही दिसला. कळपावर जगणाऱ्या लोकांना माळ फाडून धान्य काढायला लागतंय, आणि ते ओढायला बाई लागतेय. हे मी ताणतेय असं वाटलं तर वाटू द्या. एक खोट मात्र मान्य करायला हवी. बायका या पुस्तकात दिसतात, पण त्या बोलतात फार कमी. अंजी तर मास्तराच्या संकोचाआड जवळजवळ हरवते. मेंढरं कुणाची याची इतकी खबर ठेवणाऱ्या निवेदकाला तिच्या मनाची खबर लागत नाही.

पुढं माडगूळकर माळावरून जंगलात गेले. ‘नागझिरा’ हे त्या अभयारण्यात मुक्काम ठोकून लिहिलेलं पुस्तक, आणि मग १९८२ची ‘सत्तांतर’, वानरांच्या टोळ्यांची कथा, जिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोन्ही मला आवडतात. पण मराठी निसर्गलेखनाची एक वाट तिथं पक्की झाली. मारुती चितमपल्लीही जन्मानं सोलापूरचे, माळाच्या मुलखातले, आणि त्यांचं बहुतेक मोठं लेखन अरण्यातलं. निसर्ग म्हणजे जंगल, जंगल म्हणजे माणूस नसलेली जागा. माळ राहिला ‘ग्रामीण’च्या खात्यात. त्यामुळं झालं असं की लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, माळढोक या आपल्या सव्हानाच्या रहिवाशांना मराठीत त्यांच्या तोलामोलाचं पुस्तक मिळालं नाही, आणि आपल्या पोरांना सव्हाना बघायला नैरोबीचं तिकीट काढावं लागलं.

माझ्या घराचा या माळाशी असलेला संबंध मला या वाचनातूनच कळला, आणि तो काही अभिमानाचा नाही. पानशेतचं पाणी जातं कुठं? १०.६५ टीएमसी. त्यातलं पुण्याच्या नळांना जातं हे सगळ्यांना माहीत आहे. उरलेलं खडकवासल्यातून नव्या मुठा उजव्या कालव्यानं दौंडकडं आणि तिथून इंदापूरकडं, सुमारे २०० किलोमीटर. आमच्या भावकीतली काही घरं उठली तेव्हा त्यांना जमीन मिळाली तीही दौंडकडच्या लाभक्षेत्रात. लहानपणी आम्ही सुट्टीत तिकडं जायचो. आमच्याकडं चार महिने छत्री मिटत नाही. तिकडं ढग नुसते वरून जातात. चुलत आजोबा सांगायचे, “आलो तवा निव्वळ माळ हुता. कुसळं आन् बोरीबाभळी. लांडगं वरडायचं रातीला.” मग कालव्याला पाणी आलं, ऊस आला, बंगला झाला. ही गोष्ट आमच्याकडं नेहमी यशाची गोष्ट म्हणून सांगितली गेली, आणि उठवलेल्या माणसांनी पुन्हा उभं राहणं हे यश आहेच. पण ‘निव्वळ माळ’ असलेल्या त्या जमिनीवर आधी मेंढरं कुणाची चरत होती, हे मी चुलत आजोबांना कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत. आमचं गाव बुडवणाऱ्या पाण्यानंच खाली जाऊन दुसऱ्या कुणाचं रान बुडवलं, आणि त्या रानावर आम्हीच बसलो. याचा हिशेब मला अजून लावता आलेला नाही.

दिवाळीनंतर मी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला गेले. पुणे वन विभागानं २०२३ पासून तिथं आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. ऑनलाइन बुकिंग, सोबत स्थानिक गाइड. आकाराची अपेक्षा ठेवू नका. मसाई मारा १,५१० चौरस किलोमीटर आहे. याच जिल्ह्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, जे चिंकाऱ्यांसाठी राखलंय, ते जेमतेम ५. आपला सव्हाना असा तुकड्यातुकड्यांनी उरलाय, मधूनमधून ऊस.

पण सकाळी सातला त्या गवतावर ऊन आलं तेव्हा मला दादाचा व्हिडिओ आठवला. तोच रंग. हिवराचं एक झाड, छत्रीसारखंच. पाच चिंकारा मान वर करून आमच्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्या मागं, शंभर-दीडशे पावलांवर, मेंढरांचा कळप. दोघांनाही एकमेकांचं काही नव्हतं. आमच्यासोबत मोठी लेन्स घेऊन आलेले एक गृहस्थ होते. ते गाइडला म्हणाले, “त्या मेंढ्या जरा बाजूला घ्यायला सांगता का? फ्रेममध्ये येतायत.” गाइड तरुण होता, बारावी झालेला. तो हसला आणि म्हणाला, “सर, त्यांचंच रान आहे. आपण सरकू.” गाडी थोडी पुढं घेतली. मेंढ्या तरीही फ्रेममध्ये आल्याच.

लांडगा दिसला नाही. गाइड म्हणाला, असतो कळपाच्या मागंमागंच. मेंढरू नेलं तर धनगर शिव्या देतात, भरपाईच्या कागदांना वैतागतात, आणि वर हेही म्हणतात की लांडगा वाट्याचं नेणारच. हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं. वाट्याचं म्हणजे काय? “म्हणजे वाट्याचं,” तो म्हणाला. संवर्धनाबद्दलची मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. ‘वाटा’ हा शब्द त्यांत मला भेटला नव्हता.

परतीच्या वाटेवर वाकडी वाट करून भोरला मामाकडं गेले. महाडकडं जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली. पुढं धनगरांचा वाडा चालला होता, घाट उतरून कोकणात. घोड्यांवर बिऱ्हाड, कोंबड्या, एका घोड्यावर बांधलेलं तान्हं पोर, आणि रस्ताभर मेंढरं. दर वर्षी दिवाळीनंतर ही माणसं पूर्वेच्या माळावरून निघतात आणि पावसाच्या तोंडाला परत फिरतात. मी लहानपणापासून हे पाहतेय आणि दर वेळी माझ्या मनात एकच शब्द आलाय, ट्रॅफिक. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. मी गाडी बाजूला लावून खाली उतरले. मोबाइल काढला, थोडं शूट केलं, मग एका बाईंशी बोलत बरोबर चालले. त्यांनी आधी माझं गाव विचारलं. पानशेत म्हटल्यावर म्हणाल्या, “धरणातली व्हय?”

घरी येऊन आजीला व्हिडिओ दाखवला. टीव्हीवर नाही, मोबाइलवरच, तिच्या डोळ्यांजवळ धरून. आधी कडबनवाडीचा, मग भोरच्या रस्त्यावरचा. तिनं दोन्ही शेवटपर्यंत पाहिले.

“ही मेंढरं कुणाची?”

या वेळी मला नाव माहीत होतं. सांगितलं. वाडी कुठली, तेही सांगितलं.

“पाऊस झाला का औंदा त्येंच्याकडं?” तिनं विचारलं.